भविष्यवादी कीं संदेष्टा?

भविष्य जाणण्याची हांव मनुष्याच्या ठिकाणीं इतकी उपजत आहे कीं, दुसऱ्याच्या घरांतील हांवेला हसण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरांतील पंचांगाकडे एकदां पाहावें हें बरें. १९६२ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं मकर राशींत आठ ग्रहांची युति झाली, तेव्हां जगावर प्रलय ओढवणार या भीतीनें आपल्या देशांत जागोजाग यज्ञ झाले आणि मणोगणती तूप अग्नींत पडलें. प्रलय आला नाहीं. आणि त्यामुळें कोणा ज्योतिष्याचा धंदा बसला असेंही ऐकिवांत नाहीं. हें आधीं सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आज आम्ही ज्या विषयावर लिहिणार आहों तो ख्रिस्ती धर्मांतील आहे, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दाखविणाऱ्यास आपल्या डोळ्यांतील मुसळाचा विसर पडूं नये.

ख्रिस्ती धर्मांत भविष्यवाणीला मोठें स्थान आहे. तिच्यासंबंधानें आमच्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें आढळतात. पहिलें मत कांहीं उत्साही उपदेशकांचें. त्यांच्या दृष्टीनें बायबल हें जगाचें गुप्त वेळापत्रक असून, योग्य किल्ली सांपडली कीं कोणतें राज्य केव्हां बुडेल, ख्रिस्त पुन्हां केव्हां येईल आणि जग केव्हां संपेल, हें सर्व त्यांतून वाचतां येतें. दुसरें मत या उपदेशकांस हसणाऱ्यांचें. त्यांच्या मतें हा सारा भाबड्या लोकांचा खेळ असून, ज्या धर्माचा पाया असल्या भाकितांवर उभारलेला आहे त्याचा निकाल तेथेंच लागला. हीं दोन मतें एकमेकांच्या उरावर बसलेलीं दिसतात खरीं. परंतु दोहोंचा पाया एकच आहे. भविष्यवाणी म्हणजे पुढें घडणाऱ्या गोष्टी आधीं सांगणें, हें दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. एक म्हणतो त्या खऱ्या ठरल्या, दुसरा म्हणतो खोट्या. आमचें म्हणणें असें कीं, तें गृहीतच चुकीचें आहे. आणि या एका चुकीपायीं लोकांचा पैसा, घरेंदारें आणि प्राणही गेलेले असल्यामुळें, ही केवळ पंडितांनीं आपसांत वाद घालण्याची बाब नव्हे.

प्रथम शब्दच पाहूं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत या पुरुषांना पूर्वीं 'भविष्यवादी' म्हणत. पुढें मराठी बायबलांत 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला. आमच्या मतें हा बदल एका शब्दाचा नसून एका विचाराचा आहे. मूळ हिब्रू शब्द 'नाबी'. त्याचा अर्थ समजण्यासाठीं व्युत्पत्तीच्या रानांत शिरण्याचें कारण नाहीं. निर्गमाच्या पुस्तकांतील एकच प्रसंग पुरेसा आहे. मोशे हा बोलण्यांत जड. फारो राजासमोर उभें राहून बोलणें त्याला अवघड वाटतें. तेव्हां त्याचा भाऊ अहरोन हा त्याचा 'नाबी' होईल, अशी योजना होते. अहरोनानें कोणाचें भविष्य सांगावयाचें होतें? कोणाचेंही नाहीं. मोशेचें म्हणणें त्यानें फारोच्या कानीं घालावयाचें, एवढेंच त्याचें काम. ग्रीक भाषेंतील 'प्रोफेटेस' हा शब्दही याच घरचा. देवाच्या वतीनें लोकांशीं बोलणारा तो प्रोफेटेस.

आमच्या वाचकांस परिचित असा दाखला द्यावयाचा तर पेशवाईंतील वकिलाचा द्यावा. पुण्याचा वकील निजामाच्या दरबारीं उभा राहून बोलूं लागला म्हणजे शब्द त्याचे असत, पण म्हणणें त्याच्या धन्याचें असे. तें कडू असलें तरी त्यांत साखर न घालतां सांगणें ही त्याची निष्ठा. पुढें काय होईल याचाही उल्लेख त्याच्या बोलण्यांत येई. तह मोडल्यास फौज चालून येईल, असें तो म्हणे. परंतु तेवढ्यावरून त्याला कोणी ज्योतिषी म्हणत नसे. कारण तें भाकीत नव्हे, ती ताकीद. भाकीत आणि ताकीद यांतील हा भेद ज्याच्या ध्यानांत आला त्याला बायबलांतील संदेष्टे समजले. ज्याच्या ध्यानांत आला नाहीं त्यानें जन्मभर आकडेमोड केली तरी ते समजावयाचे नाहींत.

आतां हे संदेष्टे प्रत्यक्षांत काय करीत तें पाहावें. नाथान हा दावीद राजाकडे जातो तो राजाची कुंडली मांडावयास नव्हे. राजानें आपल्याच एका शिपायाची बायको नेली आणि त्या शिपायाला युद्धांत पुढें उभें करून मारविलें. नाथान त्याला एका गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, राजाला त्या श्रीमंताचा संताप येतो, आणि मग तो श्रीमंत म्हणजे तूंच, असें नाथान त्याला तोंडावर सांगतो. आमोस हा यहूदांतील तकोवा गांवचा गुराखी, उंबरासारख्या रानफळांची मशागत करून राहणारा. इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यास तो उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यांत बेथेल येथें गेला. राज्य भरभराटींत होतें; हस्तिदंतानें मढविलेलीं घरें होतीं, यज्ञयाग थाटानें चालले होते. आमोसानें सांगितलें तें असें कीं, जेथें पायांतील जोड्याच्या किंमतीला गरीब माणूस विकला जातो तेथील भजनें ऐकण्याची देवाला इच्छा नाहीं. तेथील राजपुरोहितानें त्याला बजावलें कीं, आपल्या गांवीं जाऊन संदेशांवर पोट भर, येथें राजाचें देवस्थान आहे. त्यावर आमोसाचें उत्तर लक्षांत ठेवण्यासारखें आहे: आपण धंद्यानें संदेष्टा नाहीं आणि संदेष्ट्यांच्या मठांतलाही नाहीं, असें तो सांगतो. ज्यांचा तो धंदा होता त्यांच्याविषयीं त्याला काय वाटत होतें, हें निराळें सांगावयास नको.

यावर प्रतिपक्षी म्हणेल कीं, हें सर्व मान्य केलें तरी या संदेष्ट्यांनीं पुढील गोष्टीही सांगितल्या आहेत, त्यांचें काय? सांगितल्या आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या कशा सांगितल्या आहेत हें पाहिलें पाहिजे. योना निनवे नगरींत जाऊन चाळीस दिवसांत तिचा नाश होईल असें ओरडून सांगतो. नगरवासी पश्चात्ताप करतात आणि नाश टळतो. योना रुसून बसतो. आपलें भाकीत फुकट गेलें याचें त्याला दुःख आहे. ग्रंथकर्त्याचा सर्व रोख मात्र या रुसव्याची चूक दाखविण्यावर आहे. मीखानें यरुशलेम नगरीचें शेत होऊन तींत नांगर फिरेल असें सांगितलें. हिज्कीया राजानें तें मनावर घेतलें आणि त्या पिढींत तसें झालें नाहीं. पुढें शंभरएक वर्षांनीं यिर्मयावर खटला झाला तेव्हां वडीलधाऱ्यांनीं हाच दाखला त्याच्या बचावासाठीं काढला. त्यांच्यापैकीं कोणीही मीखाला खोटा ठरविलें नाहीं. उलट त्याचा इशारा फळास आला असेंच मानलें. वैद्य रोग्याला म्हणतो कीं, हें पथ्य न पाळलेंत तर वर्ष काढणार नाहीं. रोगी पथ्य पाळतो आणि वीस वर्षें जगतो. वैद्याचें भाकीत चुकलें म्हणून त्याला दोष देणारा शहाणा जितका शहाणा, तितकेच हे बायबलांतील भाकितांचे जमाखर्च लिहिणारे शहाणे!

याहूनही बोलका दाखला यहेज्केलाचा आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर हा सोर नगरी जमीनदोस्त करून लुटून नेईल, असें त्यानें सांगितलें होतें. त्या नगरीला तेरा वर्षें वेढा पडला, पण ठरल्यासारखी लूट राजाच्या सैन्याच्या हातीं लागली नाहीं. हें आम्हांस कोण सांगतो? कोणी नास्तिक टीकाकार नव्हे. त्याच ग्रंथांत तीन अध्यायांपुढें यहेज्केल स्वतः सांगतो कीं, त्या सैन्याला श्रमांचा मोबदला मिळाला नाहीं. ज्यांनीं हा ग्रंथ जपला त्यांनीं हीं दोन्ही वचनें शेजारीं ठेविलीं, एकही खोडलें नाहीं. भाकीत तंतोतंत खरें ठरणें हाच जर त्यांच्या श्रद्धेचा पाया असता, तर हा कागद त्यांनीं इतक्या उघड्यावर ठेवला असता काय?

खऱ्या आणि खोट्या संदेष्ट्यांचा सामना पाहावयाचा असेल त्यानें यिर्मया आणि हनन्या यांचा प्रसंग वाचावा. बाबेलनें यरुशलेमचा राजा कैद करून नेला होता, मंदिरांतील पात्रेंही नेलीं होतीं. यिर्मया मानेवर लांकडी जूं घालून हिंडत होता. बाबेलची सत्ता मान्य करा, उतावळेपणानें बंड करूं नका, हें त्याचें सांगणें. हनन्या मंदिरांत उभा राहिला, त्यानें तें जूं मोडलें आणि दोन वर्षांत राजा व पात्रें परत येतील असें देवाच्या नांवानें जाहीर केलें. त्याच्याजवळ मुदत होती, देशाभिमान होता आणि लोकांना ऐकावयास गोड वाटणारी बातमीही होती. यिर्मयानें मात्र बाबेलांत नेलेल्या लोकांना पत्र लिहून कळविलें कीं, घरें बांधा, बागा लावा, मुलांबाळांचीं लग्नें करा आणि ज्या नगरांत राहतां त्याचें हित पाहा. सुटका सत्तर वर्षांनीं व्हावयाची आहे. कोणी म्हणेल, ही देखील मुदतच झाली. झाली, परंतु तिचा अर्थ काय? ऐकणाऱ्या प्रौढांपैकीं बहुतेकांच्या हयातींत ती येणार नव्हती. हनन्याच्या मुदतीनें लोकांनीं हातांवर हात ठेवून वाट पाहिली असती. यिर्मयाच्या मुदतीनें त्यांना कुदळ हातीं घेणें भाग पडलें. पुढें इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बंडाचें फळ म्हणून यरुशलेम जळालें.

यावर ख्रिस्ती वाचक विचारील कीं, मग येशूविषयींच्या भविष्यवाण्यांचें काय? त्या त्याच्या ठायीं पूर्ण झाल्या असें नव्या करारांत ठायीं ठायीं म्हटलें आहे ना? म्हटलें आहे, आणि नेमकें तेथेंच 'पूर्ण होणें' याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मत्तय सांगतो कीं, बालक येशूला घेऊन त्याचे आईबाप मिसर देशांत गेले व परत आले, तेव्हां होशेयाचें एक वचन पूर्ण झालें. आतां होशेयाचें तें वचन उघडून पाहावें. त्यांत पुढें होणाऱ्या कोणत्याही गोष्टीचा उल्लेख नाहीं. देवानें आपल्या पुत्राला मिसरांतून बोलाविलें असें तेथें म्हटलें आहे, तें इस्राएल राष्ट्राविषयीं आणि कित्येक शतकें आधीं घडून गेलेल्या गोष्टीविषयीं. जें भाकीतच नव्हतें तें खरें कसें ठरावें? मत्तयाला हें कळत नव्हतें असें म्हणणें म्हणजे आपल्याच शास्त्रांत मुरलेल्या यहूदी ग्रंथकाराला अक्षरशत्रु ठरविणें होय. त्यानें वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ 'भरणें' असा आहे. जुन्या शब्दांत जें अर्धें होतें तें या चरित्रांत भरून आलें, एवढेंच त्याला म्हणावयाचें आहे. गीतेंत जें बीजरूपानें होतें तें ज्ञानेश्वरींत भरास आलें, असें आपण म्हणतों; म्हणून व्यासांनीं ज्ञानेश्वरांचें भाकीत करून ठेविलें होतें, असें कोणी म्हणत नाहीं.

यशयाच्या सातव्या अध्यायाचीही हीच कथा. इ. स. पू. ७३४ च्या सुमारास अराम आणि इस्राएल हीं दोन राज्यें मिळून यहूदावर चालून आलीं आणि आहाज राजाचा धीर सुटला. यशयानें त्याला एक खूण दिली: एका तरुणीला मुलगा होईल, त्याचें नांव इम्मानुएल असेल, आणि त्याला बरें-वाईट कळूं लागण्यापूर्वीं या दोन्ही राजांचे देश ओस पडतील. इ. स. पू. ७३२ त दिमिष्क अश्शूरच्या हातीं पडलें. शत्रु दाराशीं उभा असतां सातशें वर्षांनंतर होणाऱ्या जन्माची खूण आहाजाच्या काय कामाची? मूळांतील 'अल्मा' या शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरांत तेथें 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी असा शब्द आला आणि मत्तयानें तो घेतला. हा आक्षेप नवा नाहीं. दुसऱ्या शतकांत जस्टिन या ख्रिस्ती पंडितानें ट्रायफो नांवाच्या यहूद्याशीं झालेला म्हणून जो संवाद लिहिला त्यांतही तो आहे. असें असतां १९५२ सालीं अमेरिकेंत निघालेल्या एका नव्या इंग्रजी भाषांतरांत 'तरुण स्त्री' असें छापतांच, तिकडील एका पाद्र्यानें तें पान जाहीरपणें जाळलें! पान जाळून हिब्रू शब्दाचा अर्थ बदलत नाहीं. उलट ज्याची ख्रिस्तावरील श्रद्धा एका शब्दाच्या भाषांतरावर टांगलेली आहे, त्याचीच श्रद्धा किती बारीक दोऱ्यावर आहे तें मात्र जगाला दिसतें.

खरा क्रम उलट आहे. आरंभींचे शिष्य भविष्यवाण्यांची यादी हातीं घेऊन ख्रिस्ताचा शोध करावयास निघाले नव्हते. त्यांनीं आधीं तें चरित्र पाहिलें, तो क्रूस पाहिला, आणि मग मागें वळून जुनीं पानें उलगडलीं, तेव्हां त्यांत त्यांना नवा अर्थ दिसला. आपल्या मराठींत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणाची मांडणी याच दृष्टीनें केली आहे. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. दोन्ही मिळून एक काव्य होतें. पहिल्यांतील एकेक ओळ दुसऱ्यांतील एकेक ओळीशीं पावतीसारखी ताडून पाहणें हा वाचनाचा प्रकार नव्हे, वसुलीचा आहे.

आतां गणिती मंडळींकडे वळूं. या वर्गांत मूर्खच असतात असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. लॉगरिदम शोधून काढणारा जॉन नेपियर हा त्यांतलाच. १५९३ सालीं त्यानें प्रकटीकरणावर ग्रंथ लिहून जगाचा शेवट १६८८ ते १७०० या काळांत येईल असा अंदाज बांधला. मायकेल स्टीफेल हा जर्मनींतील मोठा गणिती आणि ल्यूथरचा अनुयायी. त्यानें १९ ऑक्टोबर १५३३ रोजीं सकाळीं आठ वाजतां जगाचा अंत होणार असें आपल्या मंडळीला सांगितलें. ल्यूथरनें समजावून पाहिलें, तें त्यानें ऐकलें नाहीं. आठ वाजले, नऊ वाजले. जग जागच्या जागीं राहिलें आणि स्टीफेलला मात्र जागा सोडावी लागली. पुढें १५४४ सालीं त्यानें अंकगणितावर जो ग्रंथ लिहिला तो उत्तम ठरला. तात्पर्य, त्याचें गणित कच्चें नव्हतें. गणित जेथें लावूं नये तेथें त्यानें लावलें.

अमेरिकेंतील विल्यम मिलर हा शेतकरी. मनानें सरळ आणि अभ्यासू. दानीएलाच्या ग्रंथांत मंदिराच्या शुद्धीसंबंधानें २३०० संध्याकाळ-सकाळींचा उल्लेख आहे. मिलरनें एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलें, इ. स. पू. ४५७ पासून मोजणी केली आणि १८४३ सालाच्या सुमारास ख्रिस्त परत येईल असें ठरविलें. तें वर्ष गेलें. इ. स. पू. १ नंतर एकदम इ. स. १ येतें, मध्यें शून्य वर्ष नाहीं, ही चूक दुरुस्त झाली. शेवटीं त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. कित्येकांनीं उभें पीक शेतांत तसेंच राहूं दिलें. हजारों लोक रात्रभर जागले आणि सकाळीं रडले. मिलरनें आपली चूक उघडपणें मान्य केली, हें त्याला भूषणावह आहे. परंतु शून्य वर्षाची चूक सुधारणाऱ्यांपैकीं कोणालाही मूळ चूक सुधारण्याचें सुचलें नाहीं. बहुतेक बायबलपंडितांच्या मतें दानीएलाच्या ग्रंथाचें आजचें रूप इ. स. पू. १६५ च्या सुमारास, अँटिओकस एपिफानेस या राजाकडून यहूद्यांचा छळ चालू असतां, सिद्ध झालें. त्यानें भ्रष्ट केलेलें मंदिर पुन्हां शुद्ध होईल, थोडा धीर धरा, हा त्या आकड्यामागील आशय. रडणाऱ्या आईचे डोळे पुसावयास दिलेला रुमाल घेऊन याच्या विणींत किती धागे आहेत तें मोजीत बसावें, तसा हा प्रकार झाला.

प्रकटीकरणांतील ६६६ या अंकानें तर किती डोकीं फिरलीं याची गणती नाहीं. पोप, नेपोलियन, हिटलर, आणि अलीकडे यंत्रांवरील पट्ट्यापट्ट्यांच्या खुणा, सर्वांवर हा अंक चिकटवून झाला. आपल्याकडे कटपयादि पद्धतीनें अक्षरांवरून अंक काढतात हें ज्यांना माहीत आहे त्यांना यांत गूढ वाटण्याचें कारण नाहीं. हिब्रूंतही अक्षरांना अंकमूल्य आहे. 'नेरोन कैसर' हें नांव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली तर ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २०० मिळून बरोबर ६६६ होतात. लॅटिन वळणानें शेवटचा 'न' गाळला तर पन्नास कमी होऊन ६१६ उरतात. आणि कांहीं प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा अंक आहे. रोमच्या सत्तेखालीं चिरडल्या जाणाऱ्या आशियांतील सात मंडळ्यांना लिहिलेलें तें पत्र होतें. सम्राटाचें नांव उघड लिहिण्याची सोय नव्हती आणि वाचणाऱ्याला तें उमगत होतें. ज्यांच्या छातीवर तो सम्राट बसला होता त्यांना, त्याची सत्ता अखेरची नव्हे, असें सांगणें ही त्या ग्रंथाची हिंमत. ती हिंमत बाजूला टाकून आम्ही त्याचें कोडें केलें!

कोणी म्हणेल, असेना कां कोडें. त्यानें कोणाचें काय बिघडतें? बिघडतें, आणि पुष्कळ बिघडतें. १५३४ सालीं जर्मनींतील म्युन्स्टर शहर यान माथीस नांवाच्या बेकऱ्याच्या नादीं लागलें. ईस्टरला जगाचा न्याय होणार असें तो सांगत असे. ईस्टरच्या दिवशीं मूठभर माणसें घेऊन तो वेढा घालणाऱ्या सैन्यावर चालून गेला आणि कापला गेला. त्याच्यामागून शहराची उपासमार व कत्तल झाली. अमेरिकेंत हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरील उपदेशकानें २१ मे २०११ ही तारीख दिली, तेव्हां तिच्या जाहिरातींपायीं एका सेवानिवृत्त गृहस्थानें आपली एक लाख चाळीस हजार डॉलरांची पुंजी घालविली. तारीख टळल्यावर कॅम्पिंगनें ऑक्टोबरांतील दुसरी दिली, तीही गेली, मार्च २०१२ मध्यें त्यानें तारखा देण्याचें पाप कबूल केलें. पुंजी कांहीं परत आली नाहीं. आणि २०२३ सालीं केनियांतील शाकाहोला रानांत जें उघडकीस आलें तें लिहितांना लेखणी थरथरते. उपास करून मेल्यास येशूची भेट होईल या उपदेशानें तेथें स्त्रिया व मुलें यांसह चारशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांचीं प्रेतें उथळ खड्ड्यांतून उकरून काढावीं लागलीं. ज्या ग्रंथांत आमोस गरिबाच्या भाकरीसाठीं भांडतो, त्याच ग्रंथाच्या नांवावर लेंकरांच्या तोंडची भाकरी काढून घेण्यांत आली.

याच्या जोडीला दुसरा, मवाळ दिसणारा अनर्थ आहे. २०२० सालीं अमेरिकेंतील अध्यक्षाच्या निवडणुकींत कित्येक स्वयंघोषित संदेष्ट्यांनीं सत्तेवरील पुरुषच पुन्हां निवडून येईल असें देवाच्या नांवानें सांगितलें. तो हरला. कांहींनीं क्षमा मागितली, बाकीच्यांनीं निकालच नाकारला. आमच्या मतें त्यांचा अपराध अंदाज चुकला हा नव्हे. अंदाज बरोबर ठरता तरी अपराध तोच राहिला असता. नाथान राजवाड्यांत गेला तो राजाला जाब विचारावयास. हे गेले ते राजाला विजयाची वर्दी द्यावयास. हे हनन्याचे वंशज होत.

आतां दोन शब्द हसणाऱ्या पक्षाला. या भोंदूपणावरून भविष्यवाणीच टाकाऊ ठरते असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, तिची कसून तपासणी करण्याची रीत त्याच परंपरेनें घालून दिली आहे. पौल करिंथकरांना लिहितांना भविष्यवाणीचें प्रयोजन सांगतो तें लोकांची उभारणी, त्यांना उत्तेजन आणि त्यांचें सांत्वन, हें तिहेरी आहे. वेळापत्रकाचा त्यांत पत्ता नाहीं. थेस्सलनीकाकरांना तो भविष्यवाणीचा धिक्कार करूं नका असें सांगतो आणि लगेच सर्व गोष्टी पारखून घ्या असेंही सांगतो. दिदाखी या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथांत तर व्यवहारी कसोटी दिली आहे: दारीं आलेला संदेष्टा तिसऱ्या दिवशींही मुक्काम हलवीना, किंवा पैसे मागूं लागला, तर तो खोटा समजावा. आणि त्या दिवसाची वेळ देवदूतांनाही नाहीं, पुत्रालाही नाहीं, केवळ पित्याला ठाऊक आहे, असें मार्काच्या शुभवर्तमानांत स्वतः येशूनेंच सांगितलें आहे. गुरूनें जें आपणांस ठाऊक नाहीं म्हणून सांगितलें तें शिष्यांनीं छापून वांटावें, याहून मोठी गुरुनिंदा कोणती?

शिवाय संदेष्ट्यांचा तो आवाज बंद पडलेला नाहीं. १९६३ सालीं मार्टिन ल्यूथर किंगनें वॉशिंग्टन येथील विराट सभेंत न्यायाची मागणी केली, तेव्हां त्याच्या तोंडीं आमोसाचीच प्रतिमा होती. १९८५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील ख्रिस्ती विचारवंतांनीं काढलेल्या 'कैरोस' पत्रकानें वर्णभेदाला आशीर्वाद देणारें राज्यकर्त्यांचें धर्मशास्त्र आणि गुळमुळीत समेट सुचविणारें चर्चचें धर्मशास्त्र, या दोहोंना नाकारून संदेष्ट्यांचें धर्मशास्त्र मागितलें. या कोणीं जगाच्या अंताची तारीख दिली नाहीं. आज चाललेला अन्याय देवाला मान्य नाहीं आणि तो टिकावयाचा नाहीं, एवढेंच त्यांनीं सांगितलें. ख्रिस्ती श्रद्धेंत भविष्यवाणीचें स्थान आम्ही समजतों तें हेंच. भविष्याविषयीं ती एकच गोष्ट ठामपणें सांगते: शेवटचा शब्द जुलमाचा नाहीं. ती आशा आहे, माहिती नव्हे. आणि आशेच्या जागीं माहिती मागणाऱ्याच्या हातून दोन्ही जातात.

तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या दारीं, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, कोणी बायबल घेऊन किंवा पंचांग घेऊन तारीख सांगावयास आला, अथवा मोबाइलवर तसला संदेश आला, तर त्यांनीं तीन प्रश्न विचारावे. या सांगण्यानें आम्हांस आज कोणतें कर्तव्य पडतें? यांत कोणा बलवंताला न रुचणारें असें कांहीं आहे काय? आणि यांत सांगणाऱ्याचा स्वतःचा कांहीं लाभ आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांस उत्तर नसेल आणि तिसऱ्यास असेल, तर आलेला गृहस्थ भविष्यवादी असेल, संदेष्टा खास नव्हे. त्याला पाणी द्यावें, दक्षिणा देऊं नये, आणि आपल्या कामाला लागावें.